लस घेऊन आजारी पडलेली बाई

मी मनीषनगरात घरीच ब्लाउज शिवते. लग्नाचा सीझन असला की हॉलमध्ये दिवसभर बायकांचा राबता असतो, आणि मापं देता-घेता जगातल्या सगळ्या गोष्टी होतात. त्या वर्षी मार्च संपता संपता एकच विषय होता. पंचेचाळीसच्या वरच्यांना कोरोनाची लस मिळणार होती, आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक बायका पंचेचाळीसच्या वरच्याच होत्या. मी एक्कावन्नची.

"तू घेऊन राहिली का वं छाया?" त्या विचारायच्या.

"घेईन ना."

"मंग आधी तू घे. तुले काही झालं नाही तं आम्ही बी जाऊ."

हसत म्हणायच्या, पण मनातलंच म्हणायच्या. माझी मोठी बहीण कमलताई काटोलला असते, तिनंही फोनवर हेच सांगितलं. ताईला शुगर आहे. भाऊजी गेल्यापासून ती मुलगा-सुनेजवळ राहते. तिच्या गल्लीत लसीचं नाव काढलं की लोक दार लावून घेत. "माह्या शेजारचे म्हणतात, दोन वर्षांत माणूस जाते," ती म्हणाली. "तू घे आन् मले सांग कसं वाटते ते. मंग मी पाहीन."

माझे मिस्टर, प्रमोद, वीज खात्यात आहेत. त्यांना घाई नको होती. "दोन महिने जाऊ दे. लोकांचं काय होते ते पाहू."

"सगळेच लोकांचं पाहत बसले तर लोक कोण?" मी म्हटलं.

ते हसले, पण संगं आले नाहीत. मी एकटीच गेले. शाळेच्या एका वर्गात केंद्र होतं, फळ्यावर कोणाचं तरी गणित अर्धवट राहिलेलं. सुई टोचली, बाहेरच्या खुर्चीवर बसवलं, सोडून दिलं. घरी आल्यावर जिनं-जिनं विचारलं तिला मी सांगितलं की मुंगी चावते तितकंसुद्धा दुखलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी ताप आला. येईल असं सांगितलंच होतं, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. गोळी घेतली, उतरला, पुन्हा चढला. अंगात इतकी कणकण की मशीनचं पायडल दाबवेना. तरी लग्नघरचे ब्लाउज होते, म्हणून इस्त्री करायला उभी राहिले. थोड्या वेळानं प्रमोद आतल्या खोलीतून धावत आले.

"काय जळून राहिलं?"

मी खाली पाहिलं. इस्त्रीखाली अस्तर काळं झालं होतं, त्यातून धूर निघत होता, आणि मला कसलाच वास नव्हता. मी ते अस्तर उचलून नाकाशी धरलं. काहीच नाही. मग स्वयंपाकघरात जाऊन हिंगाची डबी उघडली. त्यातही काही नाही. डबी हातात घेऊन मी तिथेच खाली बसले. तपासणी नंतर झाली, रिपोर्ट नंतर आला, पण माझ्यापुरतं निदान त्या डबीपाशी झालं.

रिपोर्ट प्रमोदच्या मोबाइलवर आला. ते शिवणाच्या खोलीच्या दारात उभे राहिले, तोंडाला दुपट्टा बांधून. आत आले नाहीत. यायचं नव्हतंच.

"पॉझिटिव्ह आहे," ते म्हणाले. "मी म्हटलं होतं."

पुण्याला असलेल्या आमच्या मुलीला त्यांनीच फोन करून कळवलं आणि येऊ नको म्हणूनही त्यांनीच सांगितलं. मला त्या दिवशी 'मी म्हटलं होतं' या शब्दांपलीकडे काही ऐकू येत नव्हतं. मी आजारी होते आणि शिवाय चुकलेही होते, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

डॉक्टरांनी फोनवर सांगितलं ते इतकंच. लागण लसीच्या आधीच झाली असावी. लसीनं हा आजार होत नाही. तिचा जोर यायला काही आठवडे लागतात, तोवर माणूस उघडाच असतो. मी हे प्रमोदना दारातून सांगितलं. त्यांनी मान हलवली. पटलं म्हणून नव्हे. आजारी माणसाशी वाद घालू नये म्हणून.

*

शिवणाच्या खोलीत मी राहिले. एका बाजूला मशीन, खुंटीवर दुसऱ्यांचे ब्लाउज, एकाला बाह्या लावायच्या, एकाला हुक. ताट दाराबाहेर ठेवलं जाई आणि पावलं लांब गेल्यावर मी ते आत घेई. खोलीची खिडकी शेजारच्या गॅलरीला लागून आहे. आम्ही वर्षानुवर्षं त्या खिडकीतून विरजण आणि कढीपत्ता दिलाघेतला. आता ती पलीकडून बंद असायची, पण आवाज येत असे.

"छायाबाईनं लस घेतली आन् पडली," शेजारीण फोनवर कोणाला तरी सांगत होती. "चांगली धडधाकट होती वं. आम्ही तं नावं कटवून टाकली."

त्या वाईट बाई नाहीत. आजारपणात त्यांनी दोनदा आमच्या दाराला वरणाचा डबा लावून ठेवला. पण ते वाक्य मी पडून ऐकलं, आणि पहिल्यांदा मला कळलं की माझा ताप आता माझा राहिलेला नाही. तो कॉलनीभर फिरतो आहे.

*

मग श्वास लागायला लागला. बोटाला लावायच्या यंत्रावरचा आकडा उतरू लागला, तेव्हा प्रमोदनी बेडसाठी फोन सुरू केले. त्या एप्रिलमध्ये नागपुरात ज्यांनी बेड शोधला त्यांना सांगायला नको. ॲम्ब्युलन्स मिळेना. ऑटोवाल्यानं माझा खोकला ऐकला आणि निघून गेला. शेवटी प्रमोदनी मला स्कूटरवर मागे बसवलं आणि मुलीच्या जुन्या ओढणीनं स्वतःच्या पाठीशी बांधलं. भर दुपार होती, रस्ता तव्यासारखा. मी त्यांच्या पाठीवर डोकं टेकवून होते. कितीतरी दिवसांनी मी कोणाला टेकले होते. त्यांचं हृदय इतक्या जोरानं धडधडत होतं की ते मला माझंच वाटलं.

दोन ठिकाणांहून परत पाठवलं. तिसऱ्या दवाखान्यात दारातच थांबायला सांगितलं आणि काही वेळानं एक बेड मोकळा झाला. तो कसा मोकळा झाला, ते मी विचारलं नाही.

*

वॉर्डात सकाळ झाली की लाइट लागत, संध्याकाळी कमी होत, बाकी वेळ कळत नसे. सगळी माणसं पांढऱ्या किटमधली. चेहरे नाहीत, नुसते डोळे. नर्सच्या पाठीवर पेनानं नावं लिहिलेली असत, त्यामुळे कोण आलं ते ती निघून जाताना कळे. एका नर्सचं नाव सविता. ती माझे केस विंचरून द्यायची. दोन हातमोजे चढवलेल्या बोटांनी वेणी घालणं सोपं नाही, तरी घालायची, कारण जटा झाल्या तर कापाव्या लागतील म्हणाली. त्या वेणीसाठी मी दिवसभर वाट पाहत असे. आजारपणात काय सोबत करतं याचा नेम नाही.

बाजूच्या बेडवर इतवारीतल्या एका भांड्यांच्या दुकानदाराची आई होती. सगळे त्यांना काकी म्हणत. मला आणलं त्या दिवशीच त्यांनी विचारलं, "टीका लगाया था क्या?"

"हो. एक डोस."

"फिर भी?"

बस, एवढंच. पण त्या 'फिर भी'नं पलीकडच्या दोन बेडवरच्या माना माझ्याकडे वळल्या. वॉर्डात वीस-पंचवीस माणसं एकाच आजारानं पडली होती, त्यातल्या बहुतेकांनी लस घेतलेली नव्हती. त्यांना कोणी विचारत नव्हतं की तुम्हाला कशानं झालं. मला मात्र येणारा-जाणारा विचारायचा. ज्यांना बोलवत नसे ते नुसते पाहत.

एकदा मी सविताला विचारलं, "तुम्ही घेतली का?"

"दोन्ही घेतल्या." तिनं वेणीला गाठ मारली. "भेव वाटत होतं. सासूले अजून सांगितलं नाही. ते म्हणते, पोरं होणार नाही."

"मग घेतली कशी?"

"इथं रोज येतो ना मी," ती म्हणाली आणि पुढच्या बेडकडे गेली.

काकींना एका दुपारी आयसीयूत हलवलं. जाताना त्यांनी हात वर केला, मला की छताला, कळलं नाही. संध्याकाळी बेडवर नवी चादर आली. काकींचं पुढे काय झालं ते मला आजही माहीत नाही.

*

कमलताईचा फोन आला तेव्हा माझ्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. फोन घेऊ नये असं सांगितलेलं, पण ताईचं नाव पाहून राहवेना.

"छाया, मी नाई घेत वं ती लस," ती सरळ म्हणाली. "पोरानं नाव टाकलं होतं. काढाले लावलं."

मी मास्क बाजूला केला. सगळं वाक्य मनात जुळवून ठेवलं होतं. "ताई, लसीनं नाही झालं मले. आधीच..." इथवर आले आणि श्वास संपला. खोकल्याची उबळ आली ती थांबेना. ताई तिकडून ऐकत होती.

"पाहय," ती रडायला लागली, "बोलता बी नाई येऊन राहिलं तुले. काय करून टाकलं तुले त्या सुईनं."

मी नाही, नाही, अशी मान हलवत होते. फोनवर मान दिसत नाही.

यंत्र वाजायला लागलं. सवितानं येऊन फोन काढून घेतला, मास्क बसवला, रागावली. मी डोळे मिटून पडले. मला मरणाची भीती त्याआधीही वाटली होती आणि नंतरही वाटली. पण त्या घडीला भीती वेगळीच होती. मी वाचले तरी ताई जाईल, आणि तिला माझा खोकला ऐकून पटलेलं असेल की घरी बसलेलंच बरं.

*

मी वाचले. घरी आले तेव्हा इतकी हलकी झाले होते की जिना चढताना प्रमोदनी मला एका हातानं धरलं तरी पुरलं. बुद्धपौर्णिमेला दरवर्षी आमच्याकडे पातेलंभर खीर होते आणि अर्धी कॉलनी खाऊन जाते. त्या वर्षी प्रमोदनी दोन वाट्या केली. आम्ही टेबलाच्या दोन टोकांना बसून खाल्ली. मला अजून चव नव्हती. गोड आहे, असं त्यांनी सांगितलं.

बायका शिवायला येईनात. आल्या तर फाटकापाशी उभ्या राहून कापड देत, आणि प्रश्न तोच. लसीनंच झालं ना? डॉक्टर लपवतात म्हणे? मी समजावून सांगायची. पहिल्या दोन-चार जणींना नीट, खुर्ची देऊन. नंतर दम लागायचा. तुला कसं वाटतं, दवाखान्यात कशी राहिलीस, असं कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. त्यांचं लक्ष माझ्या दंडाकडे असे.

एका सकाळी ताईच्या सुनेनं मोबाइलवर एक मेसेज पाठवला. तिच्याकडे तो कोणत्या तरी ग्रुपमधून आला होता. नागपूरच्या मनीषनगरात शिवणकाम करणारी एक महिला लस घेतल्यावर तीन दिवसांत वारली, सर्वांना पाठवा. खाली सुनेनं विचारलं होतं, 'मावशी, ही तुमच्या ओळखीची होती का?'

मी तो मेसेज पुन्हा वाचला. मनीषनगरात शिवणकाम करणाऱ्या पुष्कळ बायका आहेत. पण मला ठाऊक होतं ही कोण. मी लिहिलं, 'ती मीच आहे.'

लगेच फोन वाजला. कमलताई होती.

"तूच बोलून राहिली ना वं?"

"मीच."

"बोल मंग काही तरी. बोलत राहय."

मी बोलत राहिले. ऊन किती आहे, आंबा कसा आहे. ती नुसती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तरी मी नाई घेणार," आणि फोन ठेवला.

जूनमध्ये एकदा प्रमोद शर्ट बदलताना त्यांच्या दंडाला छोटी पट्टी दिसली. मी विचारलं, "सांगितलं नाही?"

"तू एकटी गेली होती," ते म्हणाले, "मी बी एकटा गेलो." मग पाठमोरे होऊन म्हणाले की मी वॉर्डात होते तेवढे दिवस ते ऑफिस सुटल्यावर दवाखान्यासमोरच्या कडुलिंबाखाली स्कूटर लावून बसत. आत सोडत नव्हते. खिडक्या मोजत बसायचो, म्हणाले, तुझी कोणती ते माहीत नव्हतं. हे त्यांनी तोवर मला सांगितलं नव्हतं आणि त्यानंतरही कधी काढलं नाही.

*

हे मी आता का लिहिते आहे, ते सांगते. अजूनही ओळखीत कोणाला काही झालं, कोणी अचानक गेलं, की पहिलं वाक्य येतं, लसीनं झालं असेल. मी डॉक्टर नाही. सगळ्यांच्या शंकांना माझ्याजवळ उत्तरं नाहीत, आणि घाबरलेल्या माणसाला मी मूर्ख म्हणणार नाही. पण आजारी पडणाऱ्या माणसाकडे पुरावा म्हणून पाहू नका, एवढं म्हणेन. आपल्या आजारातून आपणच हद्दपार होणं काय असतं ते मी पाहिलं आहे. आणि तुम्ही स्वतः खाटेवर असाल तर सगळ्यांना पटवून देण्याचं काम अंगावर घेऊ नका. तो श्वास स्वतःसाठी ठेवा. मी ठेवला नाही, म्हणून सांगते.

*

बरं झाल्यावर तीन महिने थांबून दुसरा डोस घ्यायचा होता. प्रमोद म्हणाले, इथेच शाळेत जाऊन ये. मी काटोलची बस धरली. माझ्याच कॉलनीतल्या लोकांसमोर घ्यायची मला हिंमत नव्हती म्हणा, किंवा ताईसमोर घ्यायची होती म्हणा. दोन्ही खरं आहे. बस अर्धी रिकामी होती. मास्क मी एकटीनं लावला होता. कंडक्टरनं माझ्याकडे पाहून विचारलं, "आता काहून लावता ताई? गेला ना तो."

ताईच्या गल्लीत बायका ओट्यावर आल्या. मेसेज तिथं सगळ्यांनी वाचला होता. एकीनं सरळ विचारलं, "मेली म्हणत होते, ते तुम्हीच का?"

"मीच."

"बाप्पा," ती म्हणाली आणि मला बसायला पाट दिला.

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेच्या सभागृहात मी लस घेतली. ताई दारापर्यंत आली. आत आली नाही, पदर नाकाला लावून बाहेर उभी राहिली. संध्याकाळी मला थोडा ताप आला. ताईनं माझ्या कपाळावर हात ठेवला. हातमोजा नसलेला, विळीचे ओरखडे असलेला हात. मला रडू आलं, ते तिनं तापाचं समजून घेतलं.

"मले भेव वाटते छाया," ती म्हणाली.

माझ्याजवळ डॉक्टरांचं म्हणणं होतं, सविताचं होतं, वर्तमानपत्रातलं होतं. महिनोन्‌महिने मी तेच सगळ्यांना सांगत आले होते. त्या वेळी त्यातलं काहीच ओठांवर आलं नाही.

"मलेबी वाटत होतं," मी म्हटलं. "आज रांगेत पाय कापत होते माहे."

"तुले? तू तं पुढं होऊन गेली."

"हो. कापतच गेली."

ताई माझ्या अंगावरचं पांघरूण सारखं करत राहिली. सकाळी माझा ताप उतरला होता. ती चहा घेऊन आली आणि कप माझ्या हातात देता देता म्हणाली, "मी गेली तं तू संग बसशील? आतमंधी?"

मी परतीची बस उद्यावर टाकली. आम्ही दोघी गेलो. सुई टोचताना ताईनं डोळे मिटून माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. मग आम्हाला बाहेरच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसवलं.

"आता काय करायचं?" तिनं विचारलं.

"अर्धा तास बसायचं."

"बोललं तं चालते?"

"चालते."

ती थोडी माझ्याकडे वळून बसली. "मंग सांग," म्हणाली. "दवाखान्यात काय काय झालं तुले? मी तवा लसीचंच विचारत राहिली. तुह्यं काही विचारलंच नाई."

मी सांगायला लागले. पहिल्यांदा शब्द सापडेनात, मग थांबेनात. वेळ झाल्यावर तिथल्या सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, "आजी, झालं तुमचं, जाऊ शकता." कमलताई उठली नाही.

"जरा थांबा," ती म्हणाली, "हिचं व्हायचं आहे."